घुमटाखालची पाळी

पहाटे ४.५०
सावनेरहून केळवदच्या रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर गेलं की डावीकडे कच्चा रस्ता आत वळतो. गाव अजून झोपलेलं. मोबाइलवर तापमान नऊ अंश. वहिनींनी कानाला दुपट्टा गुंडाळलाय, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर. कोठ्यात जायच्या आधी त्या स्वयंपाकघरात शिरतात, शेगडीची चावी फिरवून काडी लावतात. ज्योत लागते, पण धड लागत नाही. पिवळी होते, फुरफुरते, बसते.

"पाणी आलं पायपात," वहिनी म्हणतात.

बॅटरी घेऊन बाहेर. सांदवाडीतून घराकडे आलेला पाइप एका ठिकाणी खाली वाकवलाय. त्या वाकणाला पितळी तोटी. ती उघडली की आधी सुस्कारा, मग पाणी. अर्धा पेला असेल. गॅस टाकीतून ओलसरच निघतो, आणि जानेवारीच्या रात्री पाइप गार पडला की वाफेचं पाणी होऊन खोलगट जागी साचतं. तोटी बंद. परत शेगडी. आता ज्योत निळी आणि सरळ.

चहा मांडून त्या पुन्हा बाहेर जातात. या वेळी टाकीकडे. टाकी म्हणजे गोबर गॅसची, दीनबंधू पद्धतीची, दोन घनमीटरची. विटांचा घुमट जमिनीखाली. वर दिसतं ते एवढंच : शेण कालवायची कुंडी, घुमटातून आलेला लोखंडी पाइप, आणि मागच्या बाजूची उघडी टाकी, जिथून स्लरी बाहेर पडते. या मागच्या टाकीच्या भिंतीवर कोळशानं एक आडवी रेघ मारलेली आहे. घुमटात गॅस साठला की तो स्लरीला खाली दाबतो, आणि ती या टाकीत वर चढते. गॅस वापरला की उतरते. त्यामुळे मीटरची गरज नाही. वहिनी बॅटरी मारून पाहतात.

"चार बोटं खाली हाये. उन्हायात रेघेच्या वर राह्यते, भाऊ."

आज संध्याकाळी घरी हळदीकुंकू आहे. पंधरा बाया येतील. चार बोटांचा हिशेब दिवसभर त्यांच्या डोक्यात राहणार आहे.

५.२५
कोठ्यात दोन जर्सी संकरित गाई, एक म्हैस, बैलजोडी आणि एक गोऱ्हा. दादा म्हशीखाली बसलेत, वहिनी गाईखाली. आधी कोमट पाण्यानं कास धुवायची, मग अंगठा आत दुमडून धार. ॲल्युमिनियमच्या बादलीत पहिल्या धारेचा आवाज कोरडा, मग फेस येतो तसा मऊ होतो. दोन्ही गाईंचं मिळून सकाळचं नऊ लिटर. दीड-दोन घरी, बाकी डेअरीत. फॅट लागेल तसा भाव, गाईचं तीस-बत्तीसच्या आसपास. सरकी ढेपेचं पोतं दोन हजारांकडे गेलंय, ते दादा न विचारता सांगतात.

दुसरी गाय बसून रवंथ करते आहे. रात्री तिला तुरीचं कुटार आणि कडबा घातला होता. आता त्याचा घास पोटातून परत येतो, ती पन्नासेक वेळा चावते, गिळते, पुढचा घास येतो. गवताच्या काडीतला सेल्युलोज तोडण्याचं एन्झाइम गाईकडं स्वतःचं नाही. ते काम तिच्या पोटातले जिवाणू करतात. त्या कप्प्यात एकोणचाळीस अंशांची ऊब असते आणि ऑक्सिजन जवळपास नसतोच.

तिथल्या रुमिनोकॉकस नावाच्या जिवाणूची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो एन्झाइमं सुटी सोडून देत नाही. पेशीच्या बाहेर एक लांब प्रथिन असतं, त्याला ठराविक अंतरावर खोबणी. प्रत्येक कापणाऱ्या एन्झाइमच्या टोकाला एक खुंटी. खुंटी खोबणीत घट्ट बसते. एक एन्झाइम काडीची साखळी मधून तोडतं, शेजारचं तिच्या टोकाकडून सोलत येतं, तिसरं भोवतीचा दुसरा तंतू काढतं. सगळी एका ठिकाणी, काडीला चिकटून. १९८३ च्या सुमारास एड बेयर आणि रफाएल लामेड या इस्राएली शास्त्रज्ञांनी अशी रचना पहिल्यांदा ओळखली, दुसऱ्या एका जिवाणूत. तिला सेल्युलोसोम म्हणतात. हवेत वाढणाऱ्या जिवाणूंना अन्नातून भरपूर ऊर्जा मिळते, ते एन्झाइमं उधळू शकतात. हवेशिवाय जगणाऱ्याच्या हाती त्याच अन्नातून फार थोडं लागतं. तो एकही एन्झाइम वाया जाऊ देत नाही.

या गाईलाही तोटा आहेच. तिनं खाल्लेल्यातली दोन ते बारा टक्के ऊर्जा मिथेन होऊन ढेकरेवाटे उडून जाते. आत्ताच एक गेली.

६.५०
उजाडलं. दादा कॅन घेऊन मोटरसायकलवर डेअरीला. वहिनी शेण गोळा करायला लागतात.

साधनं तीन : लोखंडी घमेलं, पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा, आणि हात. पत्र्यानं शेण ओढायचं, हातानं उचलायचं. घमेल्यात दहा-बारा किलो मावतं. एका हातानं कड धरून ते कमरेवर टेकवायचं आणि कुंडीपर्यंत चालायचं. कोठा ते कुंडी वीस पावलं. चार घमेली होतात, पंचेचाळीस-पन्नास किलो. दोन घनमीटरच्या टाकीला एवढंच लागतं. कागदावर एक किलो शेणाला चाळीस लिटर गॅस धरतात. कागदावर जानेवारी नसतो.

शेण लगेच टाकीत जात नाही. कुंडीत पसरून ठेवलं, ऊन येऊ दिलं. शेजारी दोनशे लिटरचा काळा ड्रम पाण्यानं भरलेला, तोही उन्हात. "थंड पाणी टाकलं की आतल्या किड्याइले थंडी भरते," वहिनी सांगतात. घुमटावरची माती त्यांनी कुटाराच्या जाड थरानं झाकली आहे, त्यावर पऱ्हाट्या, उडू नये म्हणून. मिथेन करणाऱ्या जिवांना पस्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं. पंधराच्या खाली गेलं की ते जवळजवळ हातच टेकतात.

कोठ्याची एक बाजू फिनाईलनं धुतात. ते पाणी वेगळ्या नालीनं उकिरड्याकडे जातं. कुंडीकडे एक थेंबही येऊ द्यायचा नाही, हा या घरातला कायदा.

८.२०
मुलगा रात्रपाळी करून आला. तो खाणीत ठेकेदाराकडे आहे. सावनेरच्या भूमिगत खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या. अंगण ओलांडून तो आधी नळाखाली जातो, मान चोळून चोळून धुतो, तरी कानामागची काळी रेघ राहतेच.

खाली याच वायूची दहशत. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून सव्वा टक्क्यावरच विजेचा पुरवठा तोडायचा नियम आहे, आणि पंखे रात्रंदिवस खाणीत हवा खेळवत असतात. कोळशातला वायू बहुतेक जमिनीच्या उष्णतेनं आणि दाबानं, कोट्यवधी वर्षांत झालेला. घरचा चाळीस दिवसांचा. मुलगा पोळी-भाजी खातो, दोन पेले पाणी पितो आणि झोपतो. त्याच्या उशाशी अलार्म आहे, दुपारी अडीचचा. वावरात पाणी द्यायला वीज तेव्हा येते.

आजीचं आंघोळीचं पाणी चुलीवर. गॅसवर तापवायचं नाही, आज तर मुळीच नाही.

१०.४५
आता टाकीला घालायची वेळ. शेण कोमट झालंय. वहिनी साडीचा काचा मारतात, कुंडीत उतरतात. ड्रममधलं पाणी जेवढ्यास तेवढं : एक घमेलं शेण, एक बादली पाणी. मग पायांनी आणि हातांनी कालवणं.

मी जवळ बसून पाहिलं. नुसतं ढवळणं नव्हे. बोटं सतत काहीतरी शोधत असतात. कुटाराची लांब काडी आली की बाहेर. खडा आला की बाहेर. सुतळीचा तुकडा. गुटख्याच्या पुडीचा चुरगळलेला कागद, गाईच्या पोटातून जसाच्या तसा आलेला. काड्या आत गेल्या तर वर साय धरतात आणि गॅस अडतो. खडे गेले तर तळाशी बसतात आणि टाकीची जागा खातात. गुठळी राहिली तर तिच्या आतलं शेण कुणाच्याच कामी येत नाही. वीस मिनिटांत ते मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं सैल झालं. मग त्यांनी पाइपच्या तोंडातला कापडाचा बोळा काढला. गडगड आवाज करत सगळं खाली गेलं. मागच्या टाकीतून तेवढीच जुनी स्लरी नालीत सांडली.

आज गेलेलं शेण सरासरीनं चाळीस दिवस आत राहील. म्हणजे मार्च लागल्यावर बाहेर.

पाय धुताना वहिनी लग्नाची गोष्ट सांगतात. पुतणीच्या लग्नात भात उरला. कुणीतरी हौसेनं दोन टोपली भात टाकीत ओतला, गॅस जास्त येईल म्हणून. दोन दिवस रेघेच्या वर गेलं, सगळे खूष. मग शेगडीवर काडी धरली तर विझायची. वीस-बावीस दिवस चूल.

"पेटेच ना. वास मात्र असा, का विचारू नका."

झालं असं असणार. आत एकच जमात नसते. पहिली फळी साखळ्या तोडते, दुसरी त्यांची आम्लं करते, तिसरी आम्लांपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करते, आणि शेवटची त्याचा मिथेन करते. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना दिवस लागतात. भात म्हणजे आयतं जेवण. पुढच्यांनी पटापट आम्लं केली, मागच्यांना उरकेना, टाकी आंबट झाली आणि शेवटची पाळी बसली. नुसता कार्बन डायऑक्साइड येत राहिला. तो कसा पेटणार?

दुपारी १२.३०
वहिनी वावरात. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. सोबत गावातल्या चार बाया, किलोला दहा रुपयांनी. बोंडं आता लहान आणि किडकी, दिवसभरात वीस-पंचवीस किलोच्या वर कुणाचं जात नाही. वहिनींच्या ओट्यातल्या कापसाला भाव नाही, घरचं माणूस. शेणालाही असाच भाव नाही.

टाकीजवळ मी आणि आजी. ती उन्हात बसून तूर निवडते आहे. वरून काहीच हलत नाही. खरं काम मात्र आता सुरू आहे, आणि या घरात सगळ्यात जास्त जपलं जाणारं ते हेच.

शेवटच्या पाळीतले जीव दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत. १९७७ साली कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की मिथेन करणाऱ्यांचं कूळच वेगळं आहे. त्या कुळाला आज आर्किया म्हणतात. त्यांच्याकडे एक प्रथिन आहे, ज्याच्यावाचून गोबर गॅसच काय, दलदलीतला, भाताच्या बांधीतला, गाईच्या ढेकरेतला मिथेनही झाला नसता. नाव लांबलचक : मिथाइल-कोएन्झाइम एम रिडक्टेज. अभ्यासक एमसीआर म्हणतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती घड्या घालून एका ठराविक आकारात बसते, आणि मग जे काही करायचं ते त्या आकाराच्या जोरावर करते. एमसीआरमध्ये अशा सहा साखळ्या आहेत, तीन प्रकारच्या, प्रत्येकी दोन. वजन तीन लाख डाल्टन. म्हणजे हायड्रोजनचे तीन लाख अणू एका पारड्यात ठेवा. एवढ्या मोठ्या धुडात कामाच्या जागा फक्त दोन. त्या खोल आत, साखळ्यांच्या सांध्यात दडलेल्या. प्रत्येकीत एक पिवळा रेणू, एफ४३०, आणि त्याच्या मधोमध निकेलचा एकच अणू. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चिमट्यावर मुलामा असतो तोच धातू.

तिथपर्यंत जायला एक अरुंद बोगदा आहे. मिथाइल गट घेऊन आलेला कोएन्झाइम एम आधी आत जातो, निकेलपाशी पोचतो. मग दुसरा मदतनीस, कोएन्झाइम बी, त्याच बोगद्यात शिरतो. तो शिरला की वाट बंद. बाहेरचं काही आत येत नाही. त्या बंदिस्त जागेत मिथाइल गट सुटतो, त्याला एक हायड्रोजन मिळतो, मिथेन तयार. दोन्ही मदतनीस गंधकाच्या दुव्यानं एकमेकांना जोडलेले बाहेर पडतात. त्यांना सोडवायला आणखी एक एन्झाइम आहे. मग पुन्हा तेच.

यातली मेख निकेलमध्ये. त्याच्याकडे एक जास्तीचा इलेक्ट्रॉन असावा लागतो. ऑक्सिजन आला की तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. निकेल तिथंच असतं, प्रथिनाची घडीही तशीच, पण काम बंद. म्हणून घुमट हवाबंद लागतो. वहिनींच्या भाषेत : "हवा लागली का मरते."

१९९७ मध्ये उलरिश एर्मलर, रुडॉल्फ थाउअर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा पहिला नकाशा काढला. आधी त्याचे स्फटिक केले, मग त्यांवर क्ष-किरण सोडले. १.४५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट, म्हणजे जवळपास एकेक अणू वेगळा ओळखू यावा इतका. बोगदा, पिवळा रेणू, निकेल, सगळं त्यात दिसलं. मात्र तो नकाशा काम थांबलेल्या एन्झाइमचा होता. चालू स्थितीत ते इतकं नाजूक की पकडता पकडता बंद पडतं.

आजी विचारते, "काय पाहून राहिला बाबू एवढं? तिथं काय दिसते?"

४.१०
वहिनी परतल्या. ओट्यातला कापूस काट्यावर घातला, तेवीस किलो. चौघींचा हिशेब वहीत टिपला. पाणी प्यायल्या आणि थेट मागच्या टाकीवर. स्लरी रेघेच्या दोन बोटं खाली. दिवसभर गॅस पेटवलेला नाही. दुपारच्या पोळ्या मुलीनं पऱ्हाट्यांवर भाजल्या. सावनेर परिसरात गोबर गॅस असलेल्या घरांतही चूल मोडलेली नसते, याचं कारण हे.

"दोन बोटं. जमते."

नालीतली स्लरी आता डब्यांत भरायची. पत्र्याचे पंधरा लिटरचे तेलाचे डबे, लाकडी दांडी आडवी ठोकलेली. दोन हातांत दोन. घरामागं संत्र्याची साठेक झाडं आहेत. रोज चार-पाच झाडांना एकेक डबा, खोडापासून हातभर लांब, गोल आळ्यात. शेणाचा वास गेलेला असतो, माशा बसत नाहीत. त्यातला नायट्रोजन उकिरड्यावर उडाला असता, तो इथं मुळाशी जातो. शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची तर तीन हजारांच्या पुढं. चार-पाच डबे वाहिल्यावर वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. हे वजन कुणी काट्यावर घालत नाही.

सावनेरात रस्ता दोन फाट्यांना फुटतो. एक छिंदवाड्याकडे, एक पांढुर्ण्यावरून बैतुलला. ट्रकांची रांग. आग्नेयेला खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर धुरकट आभाळात मिसळलेला. आज २३ जानेवारी. १९१९ मध्ये याच तारखेला नाटककार राम गणेश गडकरी सावनेरात वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. तेव्हा इथं चहा पऱ्हाट्यांवरच होत असणार.

५.५०
दुसरी धार. मी दादांना एक बातमी सांगतो. एमसीआरचा नकाशा हाती आल्यामुळे ती बोगद्याची जागा नेमकी कशी आहे हे कळलं. तिथं जाऊन बसेल आणि निकेलचा इलेक्ट्रॉन काढून घेईल असा एक छोटा रेणू आहे, तीन-नायट्रॉक्सीप्रोपेनॉल. गाईच्या खाद्यात अगदी चिमूटभर घातला की ढेकरेतला मिथेन तीसेक टक्क्यांनी कमी होतो. युरोपात २०२२ मध्ये त्याला दुभत्या गाईंसाठी परवानगी मिळाली.

दादा धार न थांबवता ऐकतात. "म्हणजे तिकडे थो किडा बंद करून राहिले. अन् आम्ही इकडं त्याले जगवून राहिलो."

थोडं थांबून : "दूध वाढते का त्यानं?"

त्यानं दूध ठळक वाढल्याचं काही माझ्या वाचनात नाही, असं मी म्हणतो. दादांचा त्या विषयातला रस संपतो.

६.४५
बाया आल्या. हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची चहागाळणी. सावनेरच्या बाजारातून डझनाच्या भावानं आणलेली, एक वीस रुपयांना. वहिनींनी साडी बदलली आहे, हातांची कोपरापर्यंत साबणानं दोनदा घासणी झाली आहे. तरी एक शेजारीण हात हातात घेऊन चेष्टा करतेच.

स्वयंपाकघरात मुलगी. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी. मोठा गंज शेगडीवर, तीन लिटर दूध, आलं. गोबर गॅसच्या शेगडीची भोकं सिलिंडरच्या शेगडीपेक्षा मोठी असतात, कारण या गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि दाबही कमी. ज्योत जाड, आवाज भसभस. दूध वर आलं. पहिला गंज उतरला, कप भरले. दुसरा ठेवला. सातेक मिनिटांनी ज्योत आखडायला लागली. मुलगी पडद्याआडून आईकडे बघते. आई भुवई उडवते. मुलगी गंज उचलून सिलिंडरच्या शेगडीवर ठेवते. हा सिलिंडर दिवाळीत भरून आणलेला, नऊशेच्या वर पैसे देऊन. चहा सगळ्यांना पुरला. बाहेर कुणाला काही कळलं नाही.

९.००
जेवणं झाली. वरण-भात, वांग्याची भाजी, ठेचा. मुलगा पुन्हा रात्रपाळीला गेला. मुलगी मोबाइल काढते.

तिच्या कॉलेजात हवेशिवाय वाढणारे जीव फारसे हाताळत नाहीत. त्याला लागणारी सामग्री महाग. पण पद्धत तिला पाठ आहे. रॉबर्ट हंगेट नावाच्या अमेरिकन संशोधकानं गाईच्या पोटातले जीव वाढवण्यासाठी ती बसवली : माध्यम उकळून ऑक्सिजन हाकलायचा, रबरी बूच, आत कार्बन डायऑक्साइड. माध्यमात रेझाझुरिन नावाचा रंग घालायचा. हवा शिरली की तो गुलाबी होतो. नळी फेकून द्यायची, पुन्हा पहिल्यापासून.

"काका, हे बघा." प्रथिनांच्या रचनांची एक जागतिक पेढी आहे, १९७१ पासूनची. कुणालाही फुकट उघडता येते. तिथं १९९७ चा तो नकाशा १एमआरओ या क्रमांकानं ठेवलेला आहे. पडद्यावर रंगीत फितींचा गुंता येतो. ती बोटानं फिरवते, जवळ आणते. फितींच्या आत एक चपटं कडं, त्याच्या मध्यभागी एक गोळा.

"आई, हे निकेल. हे आपल्या टाकीत."

वहिनी भांडी घासता घासता वाकून बघतात. ओला हात पदराला पुसतात, पण पडद्याला लावत नाहीत.

"येवढंसं?"

"याच्याहून लय लहान. किती कोटी असतील टाकीत, मोजताच येणार नाही."

"मग गॅस काऊन पुरला नाही?"

मुलगी हसते. थंडी आहे आई, म्हणते. प्रथिनाचा आकार तोच राहतो, हालचाल मंदावते. वहिनी मान डोलावतात. त्यांना हे पटतं. नऊ अंशांत त्यांचीही बोटं पहाटे वळत नाहीत.

९.४०
वहिनी निजण्याआधी शेगडीची मुख्य चावी बंद करतात आणि बॅटरी घेऊन शेवटचा फेरा मारतात. रेघेच्या वीतभर खाली. सकाळपर्यंत चढेल तेवढं चढेल.

पंचायत समितीच्या अनुदानात बांधलेल्या, मग बंद पडलेल्या टाक्या या भागातल्या गावागावांत सापडतील. कुणाच्या जुन्या पद्धतीच्या टाकीची लोखंडी टोपी गंजली आणि भंगारात गेली, कुणी गुरं विकली. ज्यांच्या सांदवाडीत अशी टाकी आहे आणि घरी चार-पाच जनावरं आहेत, त्यांच्यासाठी वहिनी आणि त्यांच्या मुलीनं सांगितलेलं लिहून ठेवतो. सुरुवात थंडीत करू नका, मार्चअखेर करा. घुमटाला तडा आहे का ते गवंड्याकडून आधी पाहून घ्या. फिनाईल, साबणाचं पाणी, उरलेलं लग्नाचं जेवण टाकीपासून लांब ठेवा. पहिल्यांदा भरताना नुसतं शेण घालू नका, चालू टाकीतली दोन ड्रम स्लरी विरजण म्हणून त्यात मिसळा. सुरुवातीचे काही दिवस जो गॅस येईल तो चावी उघडून मोकळ्यावर सोडून द्या, पेटवू नका. त्यात हवा मिसळलेली असते आणि भडका होतो. रोज एकाच वेळी, जेवढ्यास तेवढं शेण-पाणी घाला.

विरजणाचे पैसे वहिनी घेत नाहीत. ड्रम मात्र आपला आणायचा.